जलदूत ही मालगाडीच : पोटवर्गाची वस्तू मूळ वर्गाच्या नावाने कशी वापरतात? (अपकास्टिंग)



आजचा विषय आपल्या प्राथमिकच्या पाठ्यपुस्तकातला नाही. पण आपल्या शाळांतून शिकून पुढं गेलेली कितीतरी लेकरं दहावीनंतर नांदेड-लातूरच्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला जातात. दुसऱ्या वर्षाला त्यांना आधी सी प्लस प्लस आणि मग जावा शिकावी लागते. त्यात 'इनहेरिटन्स' म्हणजे वारसा हा धडा येतो आणि त्या धड्यात सांगितलं जातं की सबक्लासचा ऑब्जेक्ट सुपरक्लासमध्ये कन्व्हर्ट करता येतो. याला अपकास्टिंग म्हणतात.

मराठी माध्यमाची मुलं ही व्याख्या पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्कही मिळवतात. पण "नेमकं काय कन्व्हर्ट झालं?" असं तोंडी परीक्षेत विचारलं की गप्प बसतात. मग लेकरू मनाशी ठरवून टाकतं की प्रोग्रामिंग हे आपल्या माध्यमाच्या पोरांचं काम नाही. खरं तर अडचण एका शब्दाची असते आणि दोष मात्र माध्यमावर जातो. तो शब्द म्हणजे 'कन्व्हर्ट', रूपांतर. आजच्या लेखात तेवढा एक शब्द नीट सोडवू या. यासाठी तुम्हाला प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही.

१) आधी शब्दांची साफसफाई

'क्लास' म्हटलं की शाळेत आपल्याला चौथीचा वर्ग आठवतो आणि लातुरात तर शिकवणीच आठवते! प्रोग्रामिंगमधला क्लास म्हणजे एका प्रकारच्या गोष्टींचा नमुना. त्या प्रकारच्या गोष्टीजवळ कोणती माहिती असते आणि तिला कोणती कामं करता येतात, हे त्यात लिहिलेलं असतं. त्या नमुन्यावरून प्रत्यक्ष तयार केलेली एकेक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट.

'कास्ट' हा शब्द ऐकून मुलांना फॉर्मवरचा जातीचा रकाना आठवतो. त्याच्याशी याचा काही संबंध नाही, दोन्हींचं इंग्रजी स्पेलिंगही वेगळं आहे. इथं कास्ट म्हणजे एका प्रकारच्या वस्तूकडं दुसऱ्या प्रकारची म्हणून बघणं.

सगळ्यात जास्त घोळ घालणारे शब्द म्हणजे 'पॅरेंट' आणि 'चाइल्ड'. आपण आई-बाप आणि लेकरू असं भाषांतर करतो आणि फसतो. कारण लेकरू म्हणजे काही 'एक प्रकारचे वडील' नसतं. पण प्रोग्रामिंगमध्ये नातं अगदी तसंच असतं: सबक्लासची प्रत्येक वस्तू ही मूळ क्लासचीच एक वस्तू असते. शिवाय घरात बाप मोठा आणि लेकरू लहान. इथं उलटं आहे. सबक्लासच्या वस्तूजवळ मूळ क्लासचं सगळं असतं आणि वर स्वतःचंही काही असतं.

म्हणून मी 'मूळ वर्ग' आणि 'पोटवर्ग' असं म्हणते. पोटजात, पोटनियम, पोटकलम हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. पोटकलम हे त्या कलमाचाच भाग असतं, फक्त जास्त नेमकं असतं. तसाच पोटवर्ग.

२) लातूरकरांच्या ओळखीचं उदाहरण

२०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात टाकीच्या वॅगन वाफेनं धुऊन स्वच्छ केल्या गेल्या. मिरजेला त्यांत पाणी भरलं आणि १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी लातूरला पोचली. तिला १० वॅगन होत्या, पाणी सुमारे ५ लाख लिटर. पुढं ५० वॅगनची गाडी सुरू झाली, म्हणजे एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर. या गाडीचं नाव 'जलदूत'.

आता शिक्षकाच्या नजरेनं बघा. मिरजेहून लातूरला येताना वाटेत पंढरपूर, कुर्डुवाडी अशी स्टेशनं लागतात. तिथल्या सिग्नलला गाडीत पाणी आहे की कोळसा, याच्याशी काय देणंघेणं? गाडी किती लांब आहे, पुढचा रूळ मोकळा आहे का, एवढंच महत्त्वाचं. सिग्नलच्या दृष्टीनं ती एक मालगाडी. पण म्हणून त्या टाक्यांतलं पाणी कुठं गेलं का? नाही. जलदूत जलदूतच राहिली. वाटेतल्या सगळ्यांनी तिला फक्त 'मालगाडी' या नावानं ओळखलं.

अपकास्टिंग म्हणजे एवढंच.

३) हेच प्रोग्राममध्ये

संगणकावर जावाचे ठरलेले शब्द इंग्रजीतच टाइप करावे लागतात. इथं समजायला सोपं जावं म्हणून सगळं देवनागरीत लिहिलं आहे.

क्लास मालगाडी {
  वॅगन_संख्या
  पुढे_जा()
  रिकामी_कर() : "माल उतरवा"
}

क्लास जलदूत एक्स्टेंड्स मालगाडी {
  लिटर
  रिकामी_कर() : "झडप उघडा, पाइपात पाणी सोडा"
  पाणी_मोज()
}

'एक्स्टेंड्स' म्हणजे जलदूत हा मालगाडीचा पोटवर्ग आहे. वॅगन_संख्या आणि पुढे_जा हे त्याला वारशानं मिळालं. रिकामी_कर हे काम त्यानं आपल्या पद्धतीनं पुन्हा लिहिलं, याला 'ओव्हरराइडिंग' म्हणतात. लिटर आणि पाणी_मोज हे त्याचं स्वतःचं.

आता महत्त्वाची ओळ:

मालगाडी ग = न्यू जलदूत();

ही ओळ उजवीकडून डावीकडं वाचायला सांगा. उजवीकडं एक नवी जलदूत तयार झाली. ही खरी वस्तू. डावीकडं 'ग' हे नाव आहे आणि ते नाव 'मालगाडी' प्रकारचं आहे. म्हणजे वस्तू जलदूत, पण तिच्यावर लावलेली पाटी मालगाडीची.

'कन्व्हर्ट' शब्दाचा घोळ इथं सुटतो. वस्तू बदलत नाही, पाटी बदलते. मेमरीमध्ये ती जलदूत जशीच्या तशी असते, लिटरसकट.

शाळेतलंच बघा. शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेला मुलगा पोषण आहाराच्या पंगतीत फक्त 'विद्यार्थी' असतो. वाढणाऱ्या ताई त्याला गणिताचे मार्क विचारत नाहीत. पण पंगतीत बसला म्हणून त्याची परीक्षेची तयारी पुसली जात नाही.

४) पाटी काय ठरवते, वस्तू काय ठरवते?

हा भाग मुलांकडून पक्का करून घ्या. परीक्षेतले बहुतेक प्रश्न यावरच असतात.

पाटी ठरवते: काय विचारायची परवानगी आहे.
वस्तू ठरवते: विचारल्यावर उत्तर कसं येईल.

ग.पुढे_जा(), चालतं, कारण मालगाडीच्या यादीत हे काम आहे.

ग.पाणी_मोज(), चालत नाही. प्रोग्राम सुरू होण्याआधीच कंपाइलर अडवतो. मुलं म्हणतात, "पण टीचर, आत तर जलदूतच आहे!" आहे ना, पण कंपाइलर पाटी वाचतो. पाटीवर मालगाडी लिहिलंय आणि मालगाडीच्या यादीत पाणी मोजणं नाही.

ग.रिकामी_कर(), चालतं. मग उत्तर कोणतं येईल, "माल उतरवा" की "झडप उघडा, पाइपात पाणी सोडा"? दुसरं. विचारायची परवानगी पाटीनं दिली, पण काम करणारी वस्तू जलदूत आहे आणि ती आपल्याच पद्धतीनं रिकामी होणार. टाकीच्या वॅगनमधलं पाणी फावड्यानं थोडंच उतरवता येतं!

इथं दोन बारीक गोष्टी आहेत. पहिली, सी प्लस प्लसमध्ये हे आपोआप होत नाही. मूळ वर्गात त्या कामाच्या आधी 'व्हर्च्युअल' असं लिहावं लागतं. ते विसरलं तर मालगाडीच्या पॉइंटरमधून मालगाडीचंच काम चालतं. जावामध्ये साध्या कामांसाठी वस्तूच ठरवते. दुसरी, जावामध्ये दोन्ही वर्गांत एकाच नावाची माहिती ठेवली, तर कोणती मिळणार हे पाटी ठरवते. 'स्टॅटिक' कामांचंही तसंच. वस्तूचा शब्द चालतो तो ओव्हरराइड केलेल्या कामांपुरता.

ज्यांची मुलं पायथॉन शिकतात त्यांच्यासाठी: तिथं नावाला प्रकाराची पाटी लावावीच लागत नाही, म्हणून हा प्रश्न ठळकपणे समोर येत नाही. जावाला आल्यावर मुलं अडखळतात, त्याचं हेही एक कारण.

५) पण पाटी बदलायचीच कशाला?

पालक हमखास विचारतात, "जलदूतला जलदूतच म्हणा की, कशाला उगीच?"

समजा सिग्नलसाठी प्रोग्राम लिहायचा आहे. कोळसागाडीसाठी एक, धान्यगाडीसाठी एक, सिमेंटगाडीसाठी एक असे वेगवेगळे भाग लिहिले तर काय होईल? उद्या नवी गाडी आली की प्रत्येक स्टेशनवरचा प्रोग्राम बदलत बसावं लागेल. त्याऐवजी एकदाच लिहायचं:

मार्ग_दे(मालगाडी ग)

आता यात कोणतीही मालगाडी द्या. कंसात जलदूत दिली की अपकास्टिंग आपोआप होतं, वेगळं काही लिहावं लागत नाही.

२०१६ मध्ये प्रत्यक्षात हेच झालं. लातूरला पाणी आणायचं ठरलं तेव्हा पाण्यासाठी वेगळे रूळ टाकावे लागले नाहीत. रेल्वेची वाहतूक 'मालगाडी' या मूळ प्रकारासाठी आधीच बसवलेली होती, त्यात नवा पोटप्रकार सामावला. वेगळी सोय करावी लागली ती दोन टोकांना: मिरजेला पाणी भरायला आणि लातूरला उतरवायला. चांगला प्रोग्रामही असाच असतो. मधला मोठा भाग मूळ वर्गाच्या भाषेत लिहायचा आणि खास गोष्टी जिथं लागतात तिथंच ठेवायच्या.

वर्ग आणि पोटवर्गांची ही कल्पना १९६० च्या दशकात नॉर्वेमध्ये पुढं आली. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी 'सिम्युला ६७' ही भाषा तयार केली. जगातल्या खऱ्या गोष्टींची नक्कल संगणकावर करून बघता यावी, हा त्यामागचा हेतू. २००१ चा ट्युरिंग पुरस्कार या दोघांना मिळाला. तेव्हा रेल्वेगाडीचं उदाहरण देऊन शिकवणं म्हणजे विषयाला मुळाकडं नेणंच आहे.

६) उलटा प्रवास : डाउनकास्टिंग

लातूर आलं. आता पाणी मोजायचंय. हातात पाटी मालगाडीची. मग पुन्हा जलदूतची पाटी लावायची:

जलदूत ज = (जलदूत) ग;
ज.पाणी_मोज();

इथं कंसात प्रकार लिहावाच लागतो. कारण प्रत्येक जलदूत मालगाडी असते, पण प्रत्येक मालगाडी जलदूत नसते. वर जाताना खात्री असते, खाली येताना नसते. 'ग'मध्ये कोळसागाडी असेल, तर कंपाइलर तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून सोडून देईल, पण प्रोग्राम चालताना 'क्लासकास्टएक्सेप्शन' येऊन थांबेल. कोळशाच्या वॅगनला पाण्याचा पाइप जोडायला गेल्यासारखं! म्हणून आधी 'इन्स्टन्सऑफ' वापरून "ही खरंच जलदूत आहे का?" असं विचारून घ्यायचं.

७) माहिती खरोखर कधी हरवते?

वर म्हटलं की वस्तू बदलत नाही. सी प्लस प्लसमध्ये मात्र एक सापळा आहे. पॉइंटर किंवा रेफरन्स न वापरता सरळ असं लिहिलं तर:

जलदूत ज;
मालगाडी ग = ज;

इथं पाटी बदलत नाही, नवी वस्तू तयार होते. 'ग' ही वेगळी, साधी मालगाडी. 'ज'मधला फक्त मालगाडीचा भाग तिच्यात उतरवला जातो, लिटर मागं राहतं. याला 'ऑब्जेक्ट स्लायसिंग' म्हणतात. विद्यार्थ्याच्या पूर्ण फाइलमधून फक्त पहिल्या पानाची झेरॉक्स काढली, तसं. मूळ फाइल शाबूत असते, पण झेरॉक्समध्ये पुढची पानं शोधून सापडणार नाहीत. अशा 'ग'ला रिकामी_कर सांगितलं, तर व्हर्च्युअल लिहिलेलं असूनही मालगाडीचंच उत्तर येतं, कारण आत खरोखर मालगाडीच आहे.

जावामध्ये हा प्रकार होत नाही, कारण तिथं 'ग' हे नाव वस्तूकडं बोट दाखवतं, त्यात वस्तू भरलेली नसते. दोन्ही भाषा पाठोपाठ शिकताना मुलांचा गोंधळ होतो तो इथंच.

८) चौरस आयत आहे का? आपल्या गणिताशी नातं

भूमितीत आपण सांगतो की चौरस हा आयतच असतो, कारण त्याचे चारही कोन काटकोन असतात. मग प्रोग्राममध्ये चौरसाला आयताचा पोटवर्ग करावं का?

समजा आयताला लांबी_बदल आणि रुंदी_बदल अशी दोन कामं आहेत. एखाद्यानं आयताच्या पाटीवर विसंबून लांबी ५ केली, मग रुंदी ४ केली. क्षेत्रफळ २० येणार हे तो धरून चालतो. पण आत चौरस निघाला, तर रुंदी ४ करताना लांबीही ४ होईल आणि उत्तर येईल १६. पाटीनं दिलेला शब्द वस्तूनं पाळला नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्राध्यापिका बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये एका व्याख्यानात हे तत्त्व मांडलं. त्याचा अर्थ साधा आहे: मूळ वर्गाच्या जागी पोटवर्गाची वस्तू ठेवली, तरी मूळ वर्गावर विसंबून असलेलं काम बिघडता कामा नये. २००८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. कागदावरचा चौरस बदलत नाही, म्हणून भूमितीत अडचण येत नाही. प्रोग्राममधल्या वस्तू बदलतात, म्हणून तिथं "आहे का?" एवढं विचारून भागत नाही. "तसं वागतो का?" हेही विचारावं लागतं.

९) वर्गात घ्यायचा खेळ (संगणकाशिवाय)

पाचवी ते आठवीला हा खेळ सहज घेता येतो. एका तासात होतो.

साहित्य: जुनी पाकिटं, पुठ्ठ्याची कार्डं.

१. प्रत्येक पाकिटावर 'वाहन' असं लिहा. आतल्या कार्डावर बैलगाडी, ट्रॅक्टर, एसटी, रिक्षा यांपैकी एक नाव.
२. फळ्यावर 'वाहन'ची यादी लिहा: कशावर चालतंस? चाकं किती? थांब म्हटलं तर कसं थांबशील?
३. पाकीट घेतलेल्या मुलानं कार्ड गुपचूप बघायचं. इतरांनी फक्त फळ्यावरचेच प्रश्न विचारायचे.
४. कुणी "तिकीट दे" म्हणालं तर बाद! आत एसटी असली तरी बाद, कारण पाकिटावर 'वाहन' लिहिलंय.
५. उत्तर मात्र आतल्या कार्डाप्रमाणं द्यायचं. "कशावर चालतंस?" म्हटलं की बैलगाडीवाला म्हणेल "बैलं ओढतात" आणि एसटीवाला म्हणेल "डिझेलवर".

पाकीट म्हणजे पाटी, कार्ड म्हणजे वस्तू. हा खेळ खेळलेल्या लेकराला पुढं व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

१०) सरावासाठी प्रश्न (जावाप्रमाणे)

१. मालगाडी ग = न्यू जलदूत(); यानंतर ग.रिकामी_कर() म्हटल्यावर काय होईल?
उत्तर: जलदूतच्या पद्धतीनं रिकामी होईल. वस्तू जलदूत आहे.

२. त्याच 'ग'वर पाणी_मोज का चालत नाही?
उत्तर: पाटी मालगाडीची आहे आणि तिच्या यादीत ते काम नाही.

३. जलदूत ज = न्यू मालगाडी(); चालेल का?
उत्तर: नाही. कंपाइलर अडवेल. प्रत्येक मालगाडी जलदूत नसते.

४. अपकास्टिंगनंतर लिटर ही माहिती नष्ट होते का?
उत्तर: नाही. वस्तूत ती असतेच, फक्त त्या पाटीवरून दिसत नाही.

पालकांना एक विनंती. तुमचं लेकरू डिप्लोमाला असेल आणि हा धडा वाचत असेल, तर त्याला मराठीत दोनच प्रश्न विचारा: "पाटी कोणाची? वस्तू कोणती?" तुम्हाला जावा येत नसली तरी चालेल. या दोन प्रश्नांची उत्तरं त्याला मराठीत देता आली, की इंग्रजी पुस्तकातलं पान आपोआप हलकं होतं. आणि शिक्षक मित्रांनो, पाकिटांचा खेळ घेतलात तर मुलांनी कोणते नवे प्रश्न विचारले ते लिहून ठेवा. पुढच्या पाठासाठी तेच कामाला येतात.